पाच बोटांचा कोंबडा

जातिवंत कोंबडा ओळखायचा कसा, हे भय्यासाहेब फणशांनी सांगितलं ते हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, स्कूटर स्टँडवरून काढता काढता. ती काही सांगायची जागा नव्हती, वेळ तर नव्हतीच नव्हती. पण भय्यासाहेबांना जागा-वेळ कधी कळली होती म्हणून आता कळावी!

"पाच बोटं," ते म्हणाले. "एकेका पायाला पाच. चार दिसली की समज भेसळ आहे, पुढं बघूच नकोस."

चारुलता ही त्यांची धाकटी भावजय. माधव नगरच्या मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवायची. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दोन दारांपलीकडे, तिचा एकुलता एक सौमित्र परवापासून डोळे मिटून पडला होता. इंदूर रोडवर एका डंपरनं त्याची बाइक उडवली होती. अंगावर म्हणाल तर फारसं खरचटलंही नव्हतं, मार सगळा डोक्याला. श्वास मशीन देत होतं.

"कोंबडीला चारच असतात, भय्यासाहेब," ती म्हणाली. वाद घालायचा म्हणून नव्हे. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"बाजारच्या कोंबडीला. देवीच्या कोंबड्याला पाच. बस मागं."

आणि ती बसली! चार दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं की चारुलता फणसे देवीचा कोंबडा शोधायला दिराच्या स्कूटरवर बसून निघेल, तर स्टाफरूममध्ये हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. राहूकाळ, दृष्ट, उतारा, कशाकशाचं म्हणून तिनं कधी ऐकलं नाही. तेच तर झालं होतं ना.

फणसे म्हणजे शिंदे सरकारच्या दफ्तराबरोबर उज्जैनला आलेलं घराणं. दफ्तर पुढं ग्वाल्हेरला गेलं, हे इथंच राहिले. दोनशे वर्षांत बोलणं निम्मं हिंदी झालं, पण कुलदेवीचा मान काही सुटला नाही. घरातल्या पहिल्या मुलाचं जावळ काढलं की देवीच्या नावानं एक कोंबडा त्याच्या डोक्यावरून उतरवायचा आणि सोडून द्यायचा. कापायचा नाही, नुसता सोडायचा. सौमित्रच्या जावळाला चारुलतेनं साफ सांगितलं होतं, "माझ्या पोराच्या डोक्यावरून कोंबडाबिंबडा फिरवायचा नाही. त्याला काही चावलं-बोचलं, जंतू गेले, तर देवी येणार आहे का दवाखान्यात?" त्यावर भय्यासाहेब महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. सौमित्रशी मात्र बोलत होते. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, बायको लवकर गेली. पोरगं चालायला लागल्यापासून दर रविवारी त्याला टावर चौकात न्यायचं, काहीतरी तळकट खायला घालायचं आणि चारुलतेपुढं शपथेवर खोटं बोलायचं, हा त्यांचा कार्यक्रम. पोरगं पंचवीस वर्षांचं झालं तरी चालू होता.

आज सकाळी डॉक्टरांनी जयंतला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आणि भय्यासाहेबांना केबिनमध्ये बोलावलं. चारुलता उठली तर भय्यासाहेब म्हणाले, "तू थांब, बॅगांजवळ कोणीतरी हवं." बाहेर येऊन जयंत सरळ बाथरूमकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

"काय म्हणाले?" तिनं भय्यासाहेबांना विचारलं.

"वाट बघा म्हणाले. ट्रीटमेंट चालू आहे." त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. "चारू, देवीचं राहिलंय. तुला माहीत आहे. मी कधी बोललो नाही."

"नाही बोललात," ती म्हणाली.

"आईनंच निवडावा लागतो. स्वतःच्या हातानं, पाय बघून. दुसऱ्यानं आणलेला चालत नाही. भेटायला तसंही पाचलाच सोडतात. तोवर येऊ."

खरं सांगायचं तर ती बात तिला बरी वाटली. देवी रागावली असेल तर फार चांगलं झालं! रागावलेल्या देवीची समजूत घालता येते. चूक माझी, असं म्हणता येतं, पाय धरता येतात, द्यायचं राहिलं ते देता येतं. डंपरची समजूत कोण घालणार? त्या काचेच्या दाराबाहेर बसून ती रात्रभर हेच शोधत होती की माझ्या हातानं करण्यासारखं काही आहे का. काहीच नव्हतं. नर्स औषधाची चिठ्ठीसुद्धा जयंतच्या हातात द्यायची. आता भय्यासाहेबांनी काम दिलं होतं. पाच बोटं तर पाच बोटं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. चारुलतेनं कोंबड्यांचे धरले.

पहिल्यांदा नागझिरीला एका दूधवाल्याच्या परड्यात गेले. म्हशींच्या पायांत पंधरा-वीस कोंबड्या हिंडत होत्या, एकीचं दुसरीशी जमेल तर शपथ. भय्यासाहेब दाराशीच उभे राहिले. ती चप्पल काढून शेणात उतरली. दूधवाला म्हणाला, "मॅडम, सब देसी है, आँख बंद करके ले जाओ." देसी कसलं! तिनं एकेक धरून उलटी केली. एक पांढरी, छाती पुढं, पाय फाकलेले, ती कुठल्यातरी बॉयलरची नात. एक काळी, तुरा काळा, जीभही काळी, पण गळ्याखाली लोंबतं ते लालभडक. म्हणजे झाबुआकडची कडकनाथ अर्धीच, बाकीची कोण जाणे कुणाची. एकीच्या मानेवर पीसच नाही, जन्मजात. एकीच्या पायांवर घोट्यापर्यंत पिसं, पायजमा घातल्यासारखी. प्रत्येकीत चार-चार घराणी नांदत होती, आणि चारुलतेला ती फळ्यावर लिहिल्यासारखी दिसत होती. बोटं मात्र सगळ्यांची चार. तीन पुढं, एक मागं.

"नाहीये," ती म्हणाली. हात धुतले आणि लगेच मागं बसली. "चला हो, थांबू नका."

रस्त्यात तिनं भय्यासाहेबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मला आठवतंय. पाच बोटं असतात. विलायती कोंबड्यांच्या एकदोन जातींत असतात. महूच्या छावणीत गोऱ्या साहेबांनी आणल्या असतील, मग इकडच्या कोंबड्यांत मिसळल्या. ते जास्तीचं बोट मोठं चिवट असतं. आई नाहीतर बाप, एकाकडून आलं तरी पिल्लाला येतं. अजून कुठल्यातरी परड्यात निघेल की नाही?"

स्कूटर हळू झाली. "म्हणजे," भय्यासाहेब म्हणाले, "असतो? खरंच असतो?"

"असतो की!"

त्यांनी आरसा उगाच फिरवून परत सारखा केला. मग म्हणाले, "पायही पांढरे हवेत. पिवळे चालत नाहीत. सांगायचं राहिलं."

तिच्या मनात आलं, पाच बोटं विलायती तर मग हा जातिवंत देशी कसा? शिंदे सरकारच्या वेळचा मान, आणि कोंबडा साहेबाच्या खुराड्यातला? वर्गात एखाद्या पोरीनं असं उत्तर लिहिलं असतं तर तिनं लाल पेनानं वही रंगवली असती. पण तिनं तो विचार तिथंच गिळला. मुलाच्या जिवापुढं कोण हिशेब लावत बसतं? देवीला विलायती हवाय, तर विलायती. देवीची मर्जी.

नागझिरी झाली. देवास रोडच्या मागच्या वस्त्या झाल्या. मग शिप्रेच्या कडेकडेनं ते भैरवगढला आले. इथं छपाईवाल्यांची घरं. दोऱ्यांवर रंगवलेल्या चादरी वाळत होत्या आणि प्रत्येक घरामागं खुराडं. चारुलता दारोदार गेली. "भाभी, ज़रा मुर्गे दिखाओगे? पाँच उँगली वाला चाहिए, मेरा बेटा अस्पताल में है." पहिल्या दारी हे तिनं अडखळत सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दारी तेच वाक्य ती भाजीवाल्याच्या आवाजात म्हणायला लागली. बायका आधी तिच्या इस्त्रीच्या साडीकडे आणि शेणानं भरलेल्या पायांकडे बघत, मग खुराड्याचं दार उघडत. एक मुलगी म्हणाली, "पाँच उँगली का तो आदमी होता है आंटी," तर तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

एका परड्यात तांबड्या कोंबड्याचा उजवा पाय धरला आणि चारुलता ओरडलीच. पाच! मागच्या बोटाच्या वर आणखी एक बोट, वर वळलेलं, त्यालाही नख. भय्यासाहेब धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं डावा पाय धरला. चार.

"एका पायाला आहे फक्त," ती म्हणाली. "असं होतं. एकाच बाजूला उतरतं कधीकधी. चालेल ना हो? एका पायाला तरी आहे."

"नाही चालत." त्यांनी श्वास सोडला. "दोन्हीला हवीत. आणि पाय बघ, हिरवट आहेत."

"भय्यासाहेब, बघा ना, देवी काय बोटं मोजत बसणार आहे?"

"मान म्हणजे मान असतो, चारू. अर्धा मान देऊन काय उपयोग?"

बरोबर होतं त्यांचं. एकदा टाळलं त्याचं हे फळ, आता अर्धवट करून कसं चालेल? तिनं कोंबडा खाली ठेवला. तेवढ्यात भय्यासाहेबांचा फोन वाजला. ते लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन बोलले, पाठ करून. परत आले.

"जयू होता. तसंच आहे सगळं."

"मला द्यायचा ना फोन."

"ठेवला त्यानं. डॉक्टर आले होते वाटतं." ते किक मारायला वळले, तर ती बटणाची स्कूटर. किक नव्हतीच. तीन-चारदा त्यांनी पाय हवेत मारला.

हे सगळं चारुलतेनं पाहिलं. पाहिलं आणि कळून घेतलं नाही. माणसाला कळून घ्यायचं नसलं की डोळ्यांदेखत हत्ती गेला तरी दिसत नाही.

पुढच्या गल्लीत एका परड्यात मिळालं. पाय पांढरे, दोन्हींना पाच-पाच बोटं, स्वच्छ, मोजून घ्यावीत अशी. तिनं त्या पाखराला छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. "झालं, मिळाला, चला!"

"कोंबडी आहे ती," भय्यासाहेब हळूच म्हणाले.

कोंबडीच होती. कोंबडा-कोंबडी ओळखायचंही तिचं भान गेलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी सौमित्रनं ही गोष्ट वर्षभर पुरवली असती. 'आमच्या मातोश्री, एमएस्सी झूलॉजी' असं म्हणून.

पण मातोश्री एमएस्सी होत्या हेही खरं. तिनं डोळे पुसले आणि घरच्या बाईला विचारलं, हिची अंडी कुठं उबवली? सोबतची पिल्लं कुणाकडे गेली? कोंबडीला दोन्ही पायांना पाच बोटं असतील तर ती आईबापांकडून आली, आणि आईबापांकडून आली तर भावंडांतही कुणाला आली असणारच. बाई विचार करून म्हणाली, एक कोंबडा आहे, तो गल्लीच्या टोकाला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, दिला. हिचाच सख्खा भाऊ.

"चला," चारुलता म्हणाली.

"चारू, पाचला जायचंय आपल्याला."

"आहे वेळ. चला म्हणते ना!"

दिराला असं ती जन्मात बोलली नव्हती. ते मागून चालू लागले. चालता चालता सांगत होते, कानाची पाळी लाल हवी हं, पांढरी नको. आणि तुरा एकेरी, उभा, करवतीसारखा. आणि ती म्हणत होती, हो, हो, बघते, सगळं बघते. तिला वाटत होतं, म्हाताऱ्याला एकेक आठवतंय. बिचारा घाबरलाय, चुकायचं नाही म्हणून आठवून आठवून सांगतोय.

खाला म्हणजे साठीची बाई, मनगटापर्यंत हात निळे. तिनं कोंबडा पकडून आणला. पाय पांढरे. बोटं दोन्हीकडे पाच. कानाची पाळी लाल. तुरा एकेरी, उभा. चारुलतेनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि कोंबडा भय्यासाहेबांपुढं धरला. पैसे किती ते विचारायच्या आतच खालानं सांगून टाकलं होतं, "बच्चे के नाम का है, ले जाओ बहन. लेन-देन की बात मत करना."

भय्यासाहेबांनी कोंबडा हातात घेतला. पाय पाहिले. चोच उघडून जीभ पाहिली. पंख पसरून खाली पाहिलं. शेपटीतली पिसं एकेक वेगळी करून पाहिली. कोंबडा कुरकुरत होता.

"हे बघ," ते म्हणाले, "इथं... शेपटीत एक पांढरं पीस आहे."

"असू दे."

"पांढरं चालत नाही. शेपटी सबंध एका रंगाची..."

"भय्यासाहेब!" ती किंचाळली. चादरी वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. "अजून काय हवंय तुमच्या देवीला? सकाळपासून एकेक काढताय! बोटं म्हणालात, आणली. पाय म्हणालात, कान म्हणालात, तुरा म्हणालात, सगळं आणलं! पोरगा मरतोय माझा आणि तुम्ही पिसं बघताय? तुम्हाला तो जगायला हवाय की नको?"

भय्यासाहेबांच्या हातातून कोंबडा सुटला. ते तिथल्याच रंगाच्या हौदाच्या कठड्यावर बसले.

"नसतो म्हणून सांगितलं गं," ते म्हणाले. "पाच बोटांचा कोंबडा नसतो. मला वाटलं, नसतोच. दिवसभर हिंडशील आणि सापडायचा नाही."

तिला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

"देवीला कुठलाही चालतो. काळा, पांढरा, लंगडासुद्धा चालतो. आमच्या वडिलांनी बाजारातून पहिला दिसला तो आणला होता माझ्या वेळेला."

"मग?"

"सकाळी डॉक्टर म्हणाले..." त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. "मेंदू गेलाय म्हणाले, चारू. मशीन आहे तोवर आहे. संध्याकाळपर्यंत हृदयही थांबेल म्हणाले. काही करण्यासारखं नाही. मी म्हटलं, तिला हे बघायला लावायचं नाही. दारात बसून बघत राहायचं, तिला झेपणार नाही. जयू म्हणाला, तिला घेऊन जा कुठंतरी."

कोंबडा हौदाच्या कडेनं चालत होता. खाला तोंडावर निळा हात धरून उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, तरी सगळं समजलं होतं.

चारुलता आधी रडली नाही. तिनं अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "डॉक्टरांनी आत जायची परवानगी दिली होती का? अशा वेळी देतात. दिली होती?"

भय्यासाहेब हातातला चष्मा पुसायला लागले.

"मी काय विचारते?"

"दिली होती. जवळच्यांनी बसा म्हणाले. वेळेचं बंधन नाही."

"मी त्याच्याजवळ बसले असते!" आता तिचा आवाज फुटला. "सकाळपासून बसले असते! त्याचा हात धरला असता! तुम्ही मला कोंबड्यांचे पाय धरायला लावलेत! सासूबाईंनाही तुम्ही असंच केलंत. मामंजी सकाळी गेले आणि त्यांना जेवू घालून दुपारी सांगितलंत. जेवल्या म्हणून आयुष्यभर रडल्या त्या, आठवतंय? घरातल्या बायका काय काचेच्या आहेत? कोणाला झेपत नव्हतं, मला की तुम्हाला?"

"मला," भय्यासाहेब म्हणाले. "मला नाही बसवत गं तिथं. मला नाही बघवत त्याला."

खरं बोलले एकदाचे. आणि तिच्या लक्षात आलं, इतका वेळ या माणसानं तिला नव्हे, स्वतःलाच बाहेर हिंडवलं होतं. तिला दया यायला हवी होती. आली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, तिचा दोष नाही हे आता तिला कळलं होतं. जावळाच्या कोंबड्याशी याचा काही संबंध नव्हता, कधीच नव्हता. इतकं मोठं ओझं उतरलं आणि तिला ते परत हवं होतं. चूक तिची असती तर काहीतरी करता आलं असतं.

"गाडी काढा," ती म्हणाली.

पूर्ण रस्ता ती त्यांना धरून बसली नाही, मागच्या दांडीला धरून बसली. थांब रे, असं ती पुटपुटत होती. थांब रे बाळा, आले मी. देवीला नव्हे, डॉक्टरांना नव्हे, त्याला. टावर चौकात गाड्या अडकल्या, हॉर्नचा कल्लोळ झाला, तशी ती उतरली आणि पदर खोचून पळत सुटली. भय्यासाहेब मागून "चारू, चारू" करत राहिले.

तिसऱ्या मजल्यावर जयंत बाकावर बसला होता. तिला बघून उभा राहिला.

"आहे?" तिनं विचारलं.

"आहे. बीपी उतरत चाललंय."

"आत कोण आहे त्याच्याजवळ?"

जयंतनं मान खाली घातली.

"जयू, आत कोण आहे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "मी दोनदा गेलो. मला थांबता नाही आलं."

म्हणजे सकाळपासून पोरगा एकटा होता. बाप बाहेर बाकावर, काका भैरवगढला, आई कोंबड्यांत. त्या एका क्षणी तिला नवऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं नुसतं दार ढकललं.

नर्सनं तिचे पाय बघितले, शेणाचे, निळ्या रंगाचे. एरवी हाकलून दिलं असतं. आज तिनं एक कापड दिलं आणि स्टूल सरकवलं. सौमित्रचा हात गरम होता. मशीन छाती वर करत होतं, खाली करत होतं. हनुवटीवर दोन दिवसांची दाढी आली होती. चारुलतेनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला, आणि मग तिला जे रडू आलं ते कुणाला आवरण्यासारखं नव्हतं. नर्सनं पडदा ओढून घेतला.

मग तिला वाटलं, बोलायला हवं. ऐकू येत नसेल, डॉक्टर म्हणतात त्याअर्थी येत नसेलच, तिच्याइतकं हे कोणाला माहीत? तरी बोलायला हवं. पण काय बोलायचं? रोज घरी आल्यावर तो विचारायचा, काय मग मॅडम, आज काय घडलं? आणि आज तिच्याकडे सांगायला कोंबड्यांशिवाय काही नव्हतं.

"सौमित्र, आज मी काय केलं माहीत आहे?" ती म्हणाली. "हसशील मेल्या. तुझ्या काकांनी मला कोंबडा शोधायला नेलं. नागझिरीला गेलो आधी, म्हशींच्या गोठ्यात..." आणि ती सांगत गेली. बॉयलरची नात सांगितली. अर्धी कडकनाथ सांगितली. पायजमा घातलेली सांगितली. पाच बोटांचा तर आदमी असतो म्हणणारी मुलगी आणि तिला बसलेला धपाटा सांगितला. मध्येच आवाज जायचा, मग ती त्याच्या केसांतून हात फिरवायची आणि पुढं सांगायची.

काचेपलीकडे दोघं भाऊ येऊन उभे होते. भय्यासाहेब धापा टाकत होते. त्यांचा हात दारावर होता, पण दार ढकलत नव्हते. चारुलतेनं त्यांच्याकडे बघितलं. राग होता तसाच होता, उद्याही असणार होता, बहुतेक मरेपर्यंत. तिनं हातानंच दोघांना आत बोलावलं. माफ केलं म्हणून नव्हे. सौमित्रजवळ माणसं हवी होती म्हणून.

जयंत दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. भय्यासाहेब पायांशी. त्यांनी चादरीवरूनच पोराची पावलं धरली.

"आणि मग एक मिळालं," चारुलता सांगत होती. "दोन्ही पायांना पाच बोटं, पांढरे पाय, मी त्याला छातीशी धरून रडतेय, आणि हे तुझे काका... सांगा हो भय्यासाहेब, तुम्ही काय म्हणालात ते सांगा त्याला."

भय्यासाहेबांनी घसा खाकरला.

"अरे सौमित्र," ते म्हणाले, "ती कोंबडी होती रे," आणि पुढं त्यांना बोलवेना. मग बाकीचं तिनंच सांगितलं.